पुणे–मॉरिशस वर्गजोडणी : प्रकल्प नोंदी (जून ते नोव्हेंबर २०२५)

पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी फ्रेंच शिकवतो. बारावीच्या फ्रेंचच्या वर्गाची मॉरिशसमधील एका सरकारी माध्यमिक शाळेतील मराठीच्या वर्गाशी गाठ घालून दिली, तर दोन्हीकडच्या मुलांना आपापली शिकण्याची भाषा जिवंत माणसांशी वापरता येईल, अशी कल्पना होती. तिकडची मुले शाळेत फ्रेंच शिकतात, आपापसांत क्रिओल ही तिथली बोली बोलतात आणि पूर्वजांची भाषा म्हणून मराठी निवडतात. इकडच्या मुलांची स्थिती बरोबर उलटी. असा उद्योग पुढे कोणी करणार असेल, तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा होऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१८ जून

जोडीदार वर्ग शोधण्यातच मागील वर्षाचे चार महिने गेले. युरोपातील शाळांसाठी २००५ पासून चालणारी ई-ट्विनिंग योजना आमच्या कामाची नव्हती, कारण तिच्या सहभागी देशांत भारतही नाही आणि मॉरिशसही नाही. फ्रान्समधील तीन शाळांना पाठवलेल्या पत्रांपैकी दोनांना उत्तर आले नाही आणि तिसरीने, त्यांच्या विद्यार्थ्यांना आमच्याकडून इंग्रजी हवे आहे, असे स्पष्ट कळवले. ते खरे असले, तरी मला इंग्रजीचा वर्ग चालवायचा नव्हता. अखेर एका परिचितांमार्फत मॉरिशसच्या मध्य पठारावरील या शाळेतील मराठीच्या शिक्षिकांशी ओळख झाली. त्यांचे पहिले पत्र शुद्ध मराठीत होते आणि त्यात, “आपल्या मुलांना आमच्या मुलांचे मराठी हसण्यासारखे वाटणार नाही ना?” असा प्रश्न होता. नाही वाटणार, असे मी बेधडक लिहून दिले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

अकरावीचा वर्ग घेतला नाही, कारण अकरावीचे प्रवेश यंदा प्रथमच राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होत असल्यामुळे तो वर्ग नक्की केव्हा भरेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. बारावीच्या मुलांना बोर्डाची परीक्षा असल्यामुळे पालक कुरकुर करणार हे माहीत होते, पण वर्ग जागेवर होता.

३० जून

वेळेचा हिशेब : मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड नाही. युरोपाशी जोडणी केली असती, तर मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रक हलले असते. आमचे महाविद्यालय सकाळच्या सत्रात भरते. त्यामुळे आमचा अकरा दहाचा तास त्यांच्या नऊ चाळीसला येतो. दोन्हीकडच्या तासिकांची लांबी आणि सुरुवात वेगळी असल्याने एकत्र मिळणारा वेळ बत्तीस मिनिटे.

संमतिपत्रांनी दोन आठवडे खाल्ले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती मूल ठरते, आणि बारावीतील बहुतेक विद्यार्थी सतरा वर्षांचे. मी आधी इंग्रजीत एक पानी पत्र दिले. सव्वीसपैकी नऊ परत आले. मग तेच मराठीत, ‘मुलांचे चित्रण कुठेही प्रसिद्ध होणार नाही, मोबाइल क्रमांक दिले जाणार नाहीत’ ही दोन वाक्ये सर्वांत वर घालून दिले, तेव्हा तीन दिवसांत उरलेली सर्व आली. पहिल्याच दिवशी मराठीत दिले असते, तर दहा दिवस वाचले असते. भाषेच्या शिक्षकाला हे सुचू नये, याचे वाईट वाटले.

९ जुलै

पहिली एकत्र भेट, आणि ती साफ फसली.

आमच्याकडे सव्वीस विद्यार्थी, तिकडे अकरा. दोन्ही वर्ग एकेका पडद्यासमोर बसवले. बत्तीस मिनिटांपैकी चौदा मिनिटे आवाज घुमण्यात गेली, कारण प्रक्षेपकाला जोडलेल्या स्पीकरमधून येणारा आवाज संगणकाचा माइक पुन्हा उचलत होता. उरलेल्या वेळात आमच्याकडून चार आणि तिकडून तीन मुले बोलली. मी नंतर ध्वनिमुद्रण ऐकून मोजणी केली : फ्रेंचची सहा वाक्ये, मराठीची पाच, बाकी सगळे इंग्रजी. शेवटी आमच्यातील एकीने हिंदी मालिकेचा विषय काढला आणि दोन्ही वर्ग एकदम खुलले, पण हिंदीत. तिकडच्या मुलांना हिंदी चित्रपटांमुळे बऱ्यापैकी हिंदी समजते, हे मी गृहीत धरलेच नव्हते. म्हणजे मराठी आणि फ्रेंच टाळण्यासाठी मुलांकडे एक नव्हे, तर दोन पळवाटा होत्या.

सर्वदिशी माइक २,८०० रुपयांना घेतला. आवाज घुमणे थांबले, पण मूळ दुखणे माइकचे नव्हतेच. सदतीस माणसांपुढे, परक्या भाषेत, पडद्यावरच्या अनोळखी चेहऱ्यांशी कोणीही मनमोकळे बोलत नाही. बोलायला काही विषय नसेल, तर मुळीच नाही.

१६ जुलै

पद्धत बदलली. एकत्र भेटी बंद, त्याऐवजी साठ ते नव्वद सेकंदांचे ध्वनिसंदेश. एक आठवडा दोन्हीकडून मराठी, पुढचा आठवडा दोन्हीकडून फ्रेंच. प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक असा प्रश्न, ज्याचे उत्तर फक्त समोरच्यालाच देता येईल. ‘तुझा छंद कोणता’ हा प्रश्न बाद, कारण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात असते.

सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याने एक संदेश पाठवला, म्हणजे तिकडच्या अकरा मुलांवर सव्वीस संदेशांना उत्तर देण्याचे ओझे पडले. आठवडाभरात फक्त सात उत्तरे आली आणि आमची मुले रुसली. मग आमचे अकरा गट केले : सात गट दोघांचे, चार गट तिघांचे. गटाचा संदेश एक, बोलणारा दर वेळी वेगळा. हा हिशेब पहिल्या दिवशी कागदावर मांडायला हवा होता.

धारिका ठेवण्याचीही शिस्त नव्हती. सामाईक फोल्डरमध्ये ‘नवीन ध्वनिमुद्रण ४’ नावाच्या नऊ धारिका जमल्या आणि कोणती कोणाची हे कळेना. आता नावात गट क्रमांक, आठवडा आणि भाषा एवढेच. मुलांची नावे नाहीत.

२४ जुलै

मराठीच्या आठवड्यात आमची मुले बोलतात तशी भरभर बोलली. तिकडच्या शिक्षिकांनी कळवले की, मुलांनी प्रत्येक संदेश चार-चार वेळा ऐकला आणि तरी ‘काय्ये ना’, ‘म्हंजे कसंय’ या दोन गोष्टींपाशी सगळी अडकली. ‘काय आहे ना’ आणि ‘म्हणजे कसे आहे’ असे त्यांना शिक्षिकांनी फोडून दाखवले. मी मुलांना सावकाश बोलायला सांगितले, तर ती आकाशवाणीवरील बातम्या वाचू लागली. मधला मार्ग असा काढला : बोलायचे तसेच, पण सोबत त्याच संदेशाचा लिखित मजकूर द्यायचा, तोही ‘शुद्ध’ न करता, जसे बोललो तसाच. हे काम कंटाळवाणे असते आणि नव्वद सेकंदांना वीस मिनिटे लागतात. पण आमच्या मुलांना आपण प्रत्यक्षात काय बोलतो हे पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसले.

लिपीचा घोळ वेगळाच. तिकडच्या काही मुलांच्या फोनवर देवनागरी कळफलक नव्हता, त्यामुळे ती मराठी रोमन अक्षरांत, तीही फ्रेंच वळणाने लिहीत होती. फ्रेंचमध्ये ‘सी’ आणि ‘एच’ मिळून ‘श’ होतो. त्यामुळे एका मुलाने ‘शाळा’ लिहिले, ते आमच्या गटाने ‘चला’ असे वाचले आणि “कुठे जायचे?” असे उत्तर पाठवले. दोन दिवस दोन्ही बाजू एकमेकांना वेड्यात काढत होत्या. आमच्या बाजूनेही तसेच झाले : स्वरांवरील चिन्हे गाळण्याची किंवा अंदाजे टाकण्याची सवय असल्याने एकीने, काकांना मासेमारी, म्हणजे ‘पेश’, आवडते असे लिहिण्याऐवजी त्यांना ‘पेशे’, म्हणजे पाप, आवडते असे लिहून टाकले. तिकडून सहानुभूतीचे उत्तर आले.

उपाय साधा होता. दोन्हीकडच्या फोनवर हवा तो कळफलक बसवण्यासाठी अर्धा तास दिला. तो अर्धा तास पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा होता.

३१ जुलै

या नोंदींतील सर्वांत वाईट आठवडा.

आमच्या मुलांना तिकडच्या मराठी मजकुरातील चुका दाखवायला सांगितले होते. त्यांनी सगळे लाल करून टाकले. एका मुलीने ‘जुलैमध्ये आमच्याकडे थंडी असते आणि आम्ही स्वेटर घालतो’ असे लिहिले होते. आमच्या गटाने ‘थंडी’ खोडून ‘पाऊस’ केले. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि जुलै हा तिथला हिवाळा आहे, हे बारावीच्या एकाही विद्यार्थ्याच्या लक्षात आले नाही, आणि लाल शाई मात्र हातात होती. दुसऱ्या एका मुलाच्या ‘आपण कसे आहात? मी आपला आभारी आहे’ या वाक्यावर आमच्यातील कोणीतरी हसण्याचे चिन्ह टाकले. त्या मुलाला मराठी पुस्तकातूनच मिळालेली आहे. घरी ती बोलली जात नाही. त्याने पुढचा संदेश पाठवलाच नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी तिघे गप्प झाले.

शिक्षिकांचे पत्र आले. त्यात तक्रारीचा शब्द नव्हता, फक्त मी जूनमध्ये दिलेल्या आश्वासनाची आठवण होती. मी वर्गाला ते पत्र वाचून दाखवले. नंतर वर्गातच दोन नियम ठरले. एका संदेशातील जास्तीत जास्त दोनच चुका दाखवायच्या, आणि त्याही अर्थ अडत असेल तरच. दुसरा नियम मुलांनीच सुचवला : चूक दाखवणाऱ्याने ती का चूक आहे हे एका वाक्यात सांगायचे, सांगता येत नसेल, तर चूक दाखवायची नाही.

या दुसऱ्या नियमाने लाल शाई जवळपास थांबली, कारण मातृभाषेतील कारणे सांगणे आमच्या मुलांना जमेना. तिकडून प्रश्न आला होता : ‘मी पुस्तक वाचले’ असे म्हणतात, तर ‘मी चहा प्यालो’ का? तिथे क्रियापद चहाप्रमाणे का बदलत नाही? वर्गात दहा मिनिटे शांतता होती. मराठीच्या सहकाऱ्यांना बोलावून आणावे लागले. पिणे, शिकणे, विसरणे अशा काही मोजक्या क्रियापदांना कर्म असूनही भूतकाळात कर्तरी प्रयोग राहतो, हे त्यांनी सांगितल्यावर आमची मुले तिकडच्यांपेक्षा जास्त चकित झाली. ‘मी चहा घेतला’ पण ‘मी चहा प्यालो’. सतरा वर्षे बोलत होती, पण पाहिले नव्हते.

ऑगस्टचा पूर्वार्ध

तिकडे सत्रसुट्टी, इकडे चाचणी परीक्षा. काम बंद. गप्प झालेल्या चौघांना आमच्या गटांनी हाताने लिहिलेली पत्रे, महाविद्यालयाजवळच्या टपरीचे आणि पावसातल्या सिंहगडाचे छापील फोटो असे एक पाकीट टपालाने पाठवले. खर्च १,६४० रुपये. पोहोचायला तेवीस दिवस लागले.

२८ ऑगस्ट

एक अख्खी भेट वाया घालवली. बुधवारी २७ तारखेला गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणून मी गुरुवारी २८ ला लहान गटांची भेट ठेवली आणि पडद्यासमोर एकटाच बसून राहिलो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थी सार्वजनिक सुट्टी आहे हे मला माहीत होते आणि त्याचा अभिमानही वाटत होता. पण यंदा ती सुट्टी २८ लाच, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी होती, हे मी पाहिले नव्हते. दुसऱ्या देशाचे सुट्ट्यांचे अधिकृत पत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्यावे.

मात्र त्या संध्याकाळी तिकडून न मागता पाच ध्वनिसंदेश आले, सगळे मराठीत. घरी मातीचा गणपती कसा केला, तो नदीवर कसा नेला. आमच्यातील एकाने ऐकून सांगितले, “सर, हा तर आमच्या गावचा दीड दिवसाचा गणपती!” त्याचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. मॉरिशसच्या मराठी लोकांचे बरेचसे पूर्वज कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेले, हे मी पहिल्या आठवड्यात नकाशावर सांगितले होते आणि कोणीही लक्ष दिले नव्हते. गप्प झालेल्या मुलाने पाठवलेल्या संदेशात त्यांच्याकडील झाकरी या नाचाचा ताल होता. कोकणातील जाखडीशी तिचे नाते उघड दिसते. रत्नागिरीच्या आमच्या विद्यार्थ्याने तो ताल आजीला फोनवर ऐकवला, आजीचे म्हणणे मुद्रित केले आणि तिकडे पाठवले. आजीचे बोलणे तिकडच्या वर्गाला फारसे समजले नाही, पण शिक्षिकांनी ते तीनदा लावले.

११ सप्टेंबर

आता मंडई. हे काम सर्वांत चांगले झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक गटाने जवळच्या भाजीबाजारात जाऊन दहा भाज्यांचे फोटो काढायचे आणि नाव, भाव, घरी काय करतात हे शिकण्याच्या भाषेत सांगायचे. आमची मुले महात्मा फुले मंडईत गेली आणि त्यांनी पाठ्यपुस्तकातील फ्रेंच वापरले : टोमॅटोला ‘तोमात’, वांग्याला ‘ओबर्जीन’. तिकडच्यांनी नमुन्यादाखल आपल्या बाजाराचे फ्रेंच वर्णनही पाठवले, त्यात टोमॅटोला ‘पॉम द’आमूर’, म्हणजे शब्दशः प्रेमाचे सफरचंद, वांग्याला ‘ब्रँजेल’, भेंडीला ‘लालो’, कारल्याला ‘मार्गोज’ आणि भोपळ्याला ‘जिरोमों’. दोन चुकांचा नियम पाळून आमच्या एका गटाने नेमका ‘पॉम द’आमूर’वरच बोट ठेवले आणि कारण दिले : “शब्दकोशात तोमात आहे.”

या वेळी तिकडून मुलेच बोलली. आम्ही बाजारात ‘तोमात’ म्हणत नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पण त्याच संदेशात एकीने असेही म्हटले की, आमचे फ्रेंच फ्रान्ससारखे नाही, असे आम्हाला नेहमी वाटत राहते. तो संदेश वर्गात ऐकवला, तेव्हा आमच्यातील एका खेड्यातून आलेल्या मुलीने, ‘पुण्यात आल्यावर माझ्या मराठीला लोक असेच म्हणतात’, असे मराठीत म्हटले आणि मग तेच फ्रेंचमध्ये सांगायचा प्रयत्न केला. तिला चार वाक्यांना सहा मिनिटे लागली. त्या सहा मिनिटांत वर्गात कोणी कुजबुजले नाही.

सर्वांत मोठा गोंधळ ‘पिस्ताश’चा. तिकडच्या एका मुलाने लिहिले की, समुद्रकिनाऱ्यावर उकडलेले पिस्ताश कागदाच्या पुडीत स्वस्तात मिळतात. आमची मुले पिस्त्याच्या भावाने हबकली आणि मॉरिशस हा कुबेरांचा देश आहे अशी दोन दिवस चर्चा होती. फोटो आल्यावर कळले की त्या भुईमुगाच्या शेंगा आहेत. उलट बाजूने ‘पावशेर’ हा शब्द अडला. शेर आता कोणी मोजत नाही, पण पावशेर राहिला आहे आणि त्याचा अर्थ अडीचशे ग्रॅम, हे फ्रेंचमध्ये समजावण्यासाठी एका गटाला तीन संदेश लागले. त्या तीन संदेशांत त्यांनी भूतकाळाची दोन्ही रूपे बरोबर वापरली, जी मी सहा महिने शिकवत होतो.

वर्गाला एक गोष्ट मात्र बजावली : बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत ‘तोमात’च लिहायचे.

८ ऑक्टोबर

एका पालकांनी येऊन विचारले की, या सगळ्याला गुण किती? गुण नाहीत, असे सांगितले. त्यांनी मुलाला गटातून काढण्याची विनंती केली आणि मी ती मान्य केली. मुलगा तासाला मागच्या बाकावर बसून गटाचे संदेश ऐकत असतो.

दरम्यान आमच्या आणि तिकडच्या दोन मुलांनी परस्पर फोन क्रमांक दिल्याचे उघड झाले. बोलणे निरुपद्रवी होते, क्रिकेट आणि फुटबॉल; पण पालकांना लिहून दिलेला शब्द मोडला गेला होता. दोन्हीकडच्या पालकांना आम्ही दोघा शिक्षकांनी स्वतःहून कळवले. बंदी घालून हे पुन्हा होणार नाही याची मला खात्री नाही. परीक्षेनंतर, पालकांच्या संमतीने ज्यांना संपर्क ठेवायचा असेल त्यांनी ठेवावा, असे सांगितल्यावर मुलांनी थांबायचे कबूल केले.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शेवटची एकत्र भेट. काल तिकडे २ नोव्हेंबर, करारबद्ध मजूर १८३४ मध्ये आले त्याचा स्मरणदिन होता. या वेळी पडदा एक नव्हता : तीन खोल्या, तीन फोन, एका वेळी तीनच गट आणि प्रत्येकी दहा मिनिटे. विषय आधीच ठरलेला : आपल्या आडनावाची गोष्ट. तिकडच्या काही मुलांचे आडनाव म्हणजे जहाजातून उतरलेल्या खापरपणजोबांचे पहिले नाव आहे, कारकुनाला ऐकू आले तसे लिहिलेले. आमच्या एका मुलीने रोमन अक्षरांतील असे एक आडनाव मोठ्याने वाचता वाचता, ‘अरे, हे तर लक्ष्मण!’ असे म्हटले, आणि पलीकडे त्या मुलाने मान डोलावली.

मोजणी पुन्हा केली. तीस मिनिटांत इंग्रजीची वाक्ये अकरा, हिंदीची चार. बाकीची मोजायची सोडून दिली.

२० नोव्हेंबर

हिशेब : माइक २,८००, टपाल १,६४०, छपाई आणि फोटो ७२०, जादा डेटाचे रिचार्ज ८९७. एकूण ६,०५७ रुपये, त्यापैकी महाविद्यालयाने २,८०० दिले. माझा वेळ आठवड्याला साधारण पाच तास, त्यातील दीड तास निव्वळ धारिका लावण्यात. मागील चुका टाळल्या, तर तीन तासांत भागेल असे वाटते. माइक घेतला नसता तरी चालले असते. शेवटच्या भेटीत तो कपाटातच होता.

तिकडच्या शिक्षिकांनी पुढील जानेवारीत, त्यांचे नवे वर्ष सुरू होताच, काम पुढे नेण्याविषयी विचारले आहे. आमच्या बारावीची तेव्हा प्रात्यक्षिके आणि बोर्ड असेल, म्हणून अकरावीच्या वर्गाची नावे कळवली आहेत. मराठीतील संमतिपत्रे काल वाटली. अठ्ठावीसपैकी एकवीस आज परत आली.